एकेचाळीस नंबरचा माइक

त्या घरात सकाळी नऊच्या आत आंघोळ उरकली नाही, तर त्या दिवसापुरती आंघोळ विसरायची. नऊ वाजले की न्हाणीघराचा कारखाना व्हायचा. बाबा गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडून ठेवायचे, आरसा पुरता धुरकटला की बंद करायचे, आणि दाराबाहेर स्टुलावर बसून वाफ खाली बसायची वाट पाहायचे. वाफ बसताना हवेतली धूळही सोबत घेऊन बसते. मग हातमोजे चढवून आत जायचं, दार लावायचं, आणि माइकच्या पितळी चकतीवर पडदा ताणायचा. हा पडदा केसापेक्षा कितीतरी पातळ, एका अंगाला सोन्याचा मुलामा. त्याच्याखाली धुळीचा एक कण जरी अडकला तरी माइक जन्मभर खरखरत राहतो. मोठ्या कंपन्या या कामासाठी काचेच्या बंद खोल्या बांधतात. बाबांनी एक स्टूल बांधलं होतं, आणि आईला सांगून ठेवलं होतं की कुणी पाहुणा आला नि त्याला घाई असली, तर शेजारच्यांचं दार दाखव.

बाबा जाऊन चार महिने झाले होते, आणि काकांनी छापायला काढलेल्या माहितीपत्रकात त्या न्हाणीघराचं नाव आता 'ध्वनिप्रयोगशाळा' असं पडलं होतं.

चिमटीनं ते वाक्य दोनदा वाचलं. आठ वर्षांची असताना बाबांच्या हातून निसटलेला मोहरीएवढा स्क्रू तिनं फरशीच्या फटीतून बोटांनी उचलून दिला, तेव्हापासून घरात तिचं हे नाव. आता ती अडतीस वर्षांची होती, दोन भिंती भरतील एवढी पुस्तकं तिनं वाचली होती, आणि वाईट गद्य समोर आलं की तिच्या कपाळावर आपोआप एक आठी पडायची. या पत्रकानं तीन पाडल्या. 'पन्नास वर्षांच्या साधनेतून', असं पहिल्याच ओळीत होतं. बाबांनी माइक करायला घेतले ते चाळिसाव्या वर्षी, आणि गेले ते एकाहत्तराव्या वर्षी. म्हणजे वरची एकोणीस वर्षं काकांनी पदरची घातली होती. 'प्रयोगशाळेच्या पवित्र शांततेत' असंही एक वाक्य होतं. त्या पवित्र शांततेत बाबा गिझरला ज्या शिव्या घालायचे, त्या भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाही पाठ झाल्या होत्या.

"आई, हे वाच," ती म्हणाली.

आईनं चष्मा वर ढकलून पत्रक हातभर लांब धरलं. "छपाई छान आहे," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला बसली.

काकांची योजना अशी होती. कपाटात साठ माइक तयार होते. बाबांनी जाण्याआधी पूर्ण केलेली ही शेवटची खेप, असं काका समजत होते. या साठांची एक 'स्मृती-मालिका' काढायची. प्रत्येकाला लाकडी पेटी, आत मखमल, झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांचा फोटो, आणि सोबत एक पुस्तिका. बाबांचा माइक साध्या नोकरदाराच्या एका आठवड्याच्या पगारात यायचा. तेवढ्यातच यायला हवा, हा त्यांचा एकमेव हट्ट होता. त्यापायी ते नवा शर्टसुद्धा घेत नसत. स्मृती-मालिकेतला माइक तीन महिन्यांच्या पगाराला पडणार होता. पडद्याला सोनं पूर्वी होतं तेवढंच. वाढली होती ती फक्त मखमल.

अडचण एकच होती. ते साठही माइक आधीच लोकांनी नोंदवलेले होते. बाबांच्या वहीत साठ जणांची नावं रांगेनं लिहिलेली होती: घरच्या घरी गाणारे, बातम्या वाचायची स्वप्नं बघणारे, आणि आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एक निवृत्त मास्तरीणबाई, ज्या आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात बसून वाचायच्या आणि दर आठवड्याला फोन करून विचारायच्या, "पोरी, माझा माइक जन्मला का?" या साठांना नकार कळवायचा, तर धंद्यात निम्मी मालकी असलेल्या चिमटीची सही लागणार होती. ती सही न्यायला काका शनिवारी सकाळी आले, आणि सोबत कानसेनाला घेऊन आले.

कानसेन हे नाव बाबांनी ठेवलेलं. हा गृहस्थ ध्वनी या विषयावर एका मासिकात लिहायचा आणि त्याच्या लिहिण्यावर बरेच लोक पैसे खर्च करायचे. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं बाबांच्या माइकवर चार ओळी खरडल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या ओळीत 'होतकरूंना खेळायला बरा' असं म्हटलं होतं. बाबांनी ते मासिक नीट घडी करून डळमळत्या टेबलाच्या पायाखाली घातलं आणि म्हणाले, "याला कान दोन, मतं दोनशे." आता बाबा मेले होते, आणि त्यामुळे कानसेनाच्या लेखी त्यांचा दर्जा झपाट्यानं वाढला होता. पुस्तिकेची प्रस्तावना तोच लिहिणार होता.

"हाच तो कारखाना," तो दारातच थबकून म्हणाला. खांद्यावरून त्यानं एक मऊ चामडी पिशवी उतरवली. तिच्यात त्याचे स्वतःचे हेडफोन होते. दुसऱ्यांच्या हेडफोननं त्याचे कान बिघडायचे. "इथली हवा वेगळी आहे."

"खाली सायकलवाला ट्यूब चिकटवतोय," चिमटी म्हणाली. "सोल्युशनचा वास आहे तो."

काकांनी तिच्याकडं डोळे वटारले. काका बाबांपेक्षा आठ वर्षांनी लहान, अंगानं भरलेले. वीस वर्षं हातात पेटी घेऊन माइक विकत त्यांनी स्टुडिओंचे जिने झिजवले होते, आणि जिथं गेले तिथं 'स्वस्तातला आहे का?' हे हसत विचारलेलं ऐकून घेतलं होतं. 'स्वस्त' हा शब्द त्यांना आता दातदुखीसारखा झाला होता.

"वहिनी, चहा नको," काका म्हणाले. "सरांना ऐकायच्या आधी काही गरम चालत नाही."

"मी टाकलाच नव्हता, भावजी," आई म्हणाली.

कानसेनाला न्हाणीघर बघायचं होतं. त्यानं बादलीकडं, साबणाच्या वडीकडं आणि खुंटीवरच्या पंचाकडं आळीपाळीनं बघितलं, आणि एखाद्या समाधीपाशी उभं राहावं तसा गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "इथे त्यांचे हात फिरले."

चिमटीनं खुंटीवरचा पंचा सारखा केला. इथं बोलण्यासारखं बरंच होतं, आणि तेच बोलायचं नव्हतं.

गोष्ट अशी की गेली दोन वर्षं तिथं बाबांचे हात फिरलेच नव्हते. त्यांचा उजवा हात आधी बशीत कप ठेवताना वाजू लागला, मग सही करताना अडखळू लागला. थरथरता हात आणि केसाहून पातळ पडदा यांचं जमत नाही. दोन वर्षं पडदे चिमटीनं ताणले, पडदा ताणलेल्या त्या चकत्या, म्हणजे कॅप्सूल, माइकमध्ये चिमटीनं बसवल्या, तारा चिमटीनं जोडल्या. बाबा दाराबाहेर स्टुलावर बसून विचारायचे, "समोरासमोरचे स्क्रू घेतेयस ना? एका बाजूनं आवळू नकोस." आणि दर रविवारी काका यायचे तेव्हा बाबा दोन्ही हात खिशात घालून बसायचे. "भावाला कळू देऊ नकोस," एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं. "तो जगासमोर माझं नाव घेऊन उभा राहतो. त्याला वाटू दे."

म्हणजे कपाटातल्या साठांपैकी एकोणसाठ तिचे होते.

काकांनी कपाट उघडलं आणि मनाला येईल तशा सात पेट्या काढल्या. तिसऱ्या पेटीवरचा एकेचाळीस हा आकडा तिला दुरून दिसला. ती पेटी परत ठेवा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. का ठेवायची, असं काका विचारणार. आणि काकांना एकदा प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत ते खुर्ची सोडत नसत.

मग ऐकण्याचा विधी सुरू झाला. माइक नेहमीप्रमाणे टेबलावरच्या स्टँडवर, खिडकीकडं पाठ करून. बाबांचे माइक समोरून ऐकायचे आणि पाठीमागून जवळजवळ बहिरे असायचे. म्हणून तर खालच्या सायकलवाल्याची ठोकाठोक चालू असतानाही त्यांची तपासणी होऊ शके. काका समोर बसून वर्तमानपत्र वाचणार, कानसेन हेडफोन लावून डोळे मिटून ऐकणार. माइकचा नंबर त्याला सांगायचा नाही, असं त्यानं स्वतःच फर्मावलं.

काकांनी पहिल्या माइकमध्ये पाणीकपातीची बातमी वाचली.

"स्वच्छ," कानसेन म्हणाला. "पण फार आज्ञाधारक."

दुसऱ्यात काकांनी एका फरशीच्या दुकानाची जाहिरात वाचली.

"हा बोलतो. पण सांगत नाही."

"काय सांगत नाही?" चिमटीनं विचारलं.

"ते शब्दांत येत नाही."

"तुम्ही लिहिता ना?"

"चिमे," काका म्हणाले.

तिसरा माइक काकांनी स्टँडवर चढवला. ठिपका आपल्याकडं येईल असा तो फिरवून घेतला. माइकच्या अंगावर कोरलेला तो ठिपका म्हणजे पुढची बाजू, हे त्यांना वीस वर्षांत कुणी शिकवायला लागलं नव्हतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. कानसेनाच्या कपाळाला आठी पडली, त्यानं आवाजाचं बटण बरंच वर फिरवलं, मग आणखी थोडं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर सात्त्विक भाव पसरला. हात उचलून त्यानं काकांना चालू ठेवायची खूण केली. काकांना बातम्या संपल्यावर शोकसंदेश वाचावे लागले.

"थांबा," अखेर कानसेन म्हणाला. हेडफोन काढून त्यानं मांडीवर ठेवले. "हाच."

"काय सर?"

"हा त्यांचा हात. बाकीच्या माइकांत माणूस तोंडाशी येऊन बोलतो. इथं तो दूर आहे. आपल्यातून निघून गेलेला माणूस बोलावा तसा. आणि ते ऐकलंत? मागून कुठून तरी हातोड्याचे ठोके. या कारागिरानं जगाला दाराबाहेर नाही ठेवलं. त्याला आत घेतलं."

खाली सायकलवाला एक वाकडं चाक ठोकून सरळ करत होता.

काकांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, आणि त्यामुळे चिमटीला त्यांच्याकडं बघवेना. "वीस वर्षांत," ते म्हणाले, "दादाबद्दल हे असं कुणी बोललं नव्हतं, चिमे."

कोणता नंबर आहे हे विचारायची तिला गरज नव्हती. कॅप्सूल उलटी बसलेला माइक तिनं पहिल्या शब्दाला ओळखला असता, हेडफोनाशिवाय, नुसतं ते बटण किती वर गेलं त्यावरून. कानसेनाला गेलेला माणूस ऐकू आला होता. प्रत्यक्षात तो माइकचं बहिरं ढुंगण ऐकत होता.

जाण्याआधी तीन आठवडे बाबांनी एका सकाळी हातमोजे मागितले होते. "एक मी करतो," ते म्हणाले. ती म्हणाली, मी आत उभी राहते. ते म्हणाले, "दोन माणसं म्हणजे दुप्पट धूळ." पडदा तिनं आदल्या दिवशी ताणून ठेवलेला होता; कॅप्सूल बसवायची, दोन स्क्रू आवळायचे, तारा जोडायच्या, जाळी चढवायची. वीस मिनिटांचं काम. बाबा अडीच तास आत होते. आई दोनदा दारापर्यंत जाऊन आली. बाहेर आले तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता आणि हातात बंद केलेला, पुसून लख्ख केलेला माइक होता. दुपारी ते झोपल्यावर चिमटीनं तो ऐकला. उठल्यावर त्यांनी विचारलं, "कसा आहे?" ती म्हणाली, "छान आहे." बाबा तिच्याकडं जरा वेळ बघत राहिले, मग भिंतीकडं वळले. तिनं तो दुरुस्त केला नाही आणि बाजूलाही काढला नाही. पेटीत घातला, नंबर टाकला, कपाटात ठेवला, आणि त्याबद्दल विचार करणं पुढं ढकलत राहिली.

म्हणजे त्या खोलीत बाबांचा हात जर कुणी ओळखला असेल, तर तो या कानसेनानं. हे तिला कडू औषधासारखं गिळावं लागलं.

"आता बाकीचे एकोणसाठ," कानसेन म्हणत होता, "याच्यासारखे करता येतील का? उघडून?"

"येतील की," काका म्हणाले. "चिमटी दादाजवळ बसलेली आहे. तिला सगळं येतं. चिमे, हा नमुना समोर ठेवायचा आणि सगळे असेच करायचे. एकेचाळीससारखे." त्यांनी खिशातून कागद काढून टेबलावर पसरला, वर पेन ठेवलं. "आणि इथं सही. त्या यादीतल्या लोकांना मी पत्रं टाकतो. समजूतदार लोक आहेत."

कपाटात बसून पुस्तक वाचणाऱ्या मास्तरीणबाई चिमटीच्या डोळ्यांपुढं आल्या. समजूतदारपणे कपाटाचं दार उघडून बाहेर येताना.

तिनं पेन उचललं नाही. उठून ती टेबलाशी गेली. "काका, वाचा जरा," ती म्हणाली. "सर, हेडफोन लावा. बटण आहे तिथंच असू द्या."

"परत?" कानसेन म्हणाला, पण लावले.

काकांनी शोकसंदेशाची पुढची ओळ धरली. चिमटीनं स्टँडवरचा माइक हलकेच अर्धा वळवला. ठिपका खिडकीकडं गेला, पाठ काकांकडं आली. कानसेन खुर्चीतून वीतभर उडाला आणि त्यानं कानांवर गांधीलमाशी बसावी तसे हेडफोन झटकून टाकले. जमिनीवर पडलेल्या त्या हेडफोनांतून काकांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, जवळचा, भरदार, एकेक अक्षर सुटं. हातोडा गायब होता.

काका वाचता वाचता थांबले.

"दुहेरी आहे हा," कानसेन कान चोळत म्हणाला. "दोन स्वभावांचा माइक. विलक्षण. मी तर म्हणेन—"

"उलटा बसलाय," काका म्हणाले.

मार्केटमध्ये वीस वर्षं उन्हातान्हात हिंडलेल्या माणसाला तेवढं कळायला प्रस्तावना लागत नाही. त्यांनी माइक स्टँडवरून काढला, खिडकीच्या उजेडात धरून जाळीतून आत डोकावले. दुहेरी जाळीतून काही दिसत नाही, तरी डोकावले. मग चिमटीकडं वळले तेव्हा त्यांच्या गळ्याशी लाली चढली होती.

"हे तू केलंस."

"काका—"

"दादानं तीस वर्षांत एक कॅप्सूल उलटी बसवली नाही. एक. शेवटी शेवटी तू लुडबुड करत होतीस त्याच्या कामात, मला माहीत आहे. त्याच्या खेपेत आपला एक घुसडलास, आणि तोही असा."

"मला शंका होतीच," कानसेन म्हणाला. त्याला हेडफोन उचलायचं एव्हाना सुचलं होतं. "या माइकमध्ये काहीतरी शिकाऊ होतं. पहिले दोन पाहा. तो खरा हात."

चिमटीला त्या क्षणी दिसलं की वाट अगदी सोपी आहे. 'हो, माझीच चूक' एवढं म्हणायचं. एकेचाळीस बाजूला पडेल. बाबा जन्मभर न चुकलेले राहतील, काकांना वाटत होतं तसे. तिच्या नावाला डाग लागेल, पण तिच्या नावाची पुस्तिका कुणी काढत नव्हतं. आणि उरलेले एकोणसाठ बाबांच्या हातचे म्हणून, मखमलीत लोळत, तीन महिन्यांच्या पगाराला जातील. आठवड्याचा पगार जमवून बसलेले लोक बसूनच राहतील. बाबांनी जन्मभर ज्याला तुच्छ लेखलं, ते त्यांच्या फोटोखाली विकलं जाईल. तिनं गप्प बसून बाबांना वाचवलं, तर त्यांचं काम बुडत होतं.

"एकोणसाठ माझे आहेत," ती म्हणाली. "हा त्यांचा."

काका हसले. हसू मध्येच अडकलं. "काहीतरी बोलू नकोस."

"दोन वर्षं त्यांचा हात थरथरत होता. पडदे मी ताणत होते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले होते. हा एक त्यांनी हट्टानं केला. अडीच तास लागले."

"मी दर रविवारी येत होतो या घरात. मला दिसलं नसतं?"

"खिशातले हात कसे दिसतील?"

"वहिनी," काका आईकडं वळले. त्यांचा आवाज आता आठ वर्षांनी लहान असलेल्या भावाचा होता. "ही काय बोलतेय?"

आई मघापासून दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं पदराला हात पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "रोज त्यांच्या शर्टाची बटणं मी लावायचे, भावजी," ती म्हणाली. "दोन वर्षं. रविवारी तुम्ही यायच्या आधी वरचंसुद्धा लावायचे. नाहीतर तुम्ही विचाराल, म्हणायचे."

खाली सायकलवाल्यानं चाक फिरवून बघितलं. ते करकरत फिरलं आणि थांबलं.

कानसेनानं चामडी पिशवीची चेन लावली. त्याला हे घरगुती प्रकरण झेपण्यासारखं नव्हतं, आणि प्रस्तावनेलाही जागा उरली नव्हती. "मी जरा स्पष्ट बोलू का," तो काकांना म्हणाला. "मुलीच्या हातचे माइक म्हणून यांना बाजार नाही. होतकरूंना बरे आहेत."

"पंधरा वर्षांपूर्वीही हेच लिहिलं होतंत," चिमटी म्हणाली. "पुन्हा नवीन काही सुचलं नाही का?"

"साहेब," काका म्हणाले, सर म्हणाले नाहीत, "जिना उतरताना तिसरी पायरी सांभाळा. तुटलेली आहे." आणि दार त्यांनी स्वतः लावून घेतलं.

परत येऊन ते बसले. टेबलावरचा कागद त्यांनी उलटा केला, सुलटा केला, मग चार घड्या घालून खिशात कोंबला.  आईनं चहा टाकला.

"मला सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं?" काका म्हणाले. तो प्रश्न ज्याला होता तो तिथं नव्हता. त्यांनी एकेचाळीस नंबरचा माइक हातात घेतला. "हा मला दे. पाहिजे तर किंमत घे. असाच दे. उघडू नकोस."

चिमटीच्या मनात चार महिने हेच होतं: उघडायचा नाही. बाबांनी शेवटचं आवळलेलं ते आहे तसं राहू द्यायचं. काकांच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते तिला पत्रकातल्या वाक्यासारखं वाटलं. मखमल काकांचीच होती. फक्त या खेपेला ती चिमटी स्वतः शिवत होती.

"उलटा माइक घराबाहेर जात नाही," ती म्हणाली. "तुम्हालासुद्धा नाही. बाह्या वर करा आणि या."

तिनं नळ सोडला. वाफ खाली बसेपर्यंत दोघं बाहेर उभे राहिले. काका कधी आत गेलेच नव्हते. त्यांनी विचारलं, श्वास घ्यायचा की नाही, आणि ती म्हणाली, घ्या, पण तिकडं तोंड करून. आत तिनं जाळी काढली. कॅप्सूल खरोखर उलटी होती: सोनेरी पडदा मागच्या बाजूला, पितळी पाठ पुढं. तिनं भिंग डोळ्याला लावलं, आणि स्क्रूला हात घालायच्या आधी थांबली.

"काय झालं?" काका कुजबुजले.

तिनं भिंग त्यांच्या हातात दिलं.

पितळी पाठीवर ओरखडे होते. स्क्रू-ड्रायव्हर निसटून उठलेले, एकावर एक, पंचवीस-तीस तरी, काही इतके खोल की नखाला लागले असते. दोन्ही स्क्रूंची डोकी चेचलेली होती. आणि पडद्यावर काही नव्हतं. भिंगाखालीही नव्हतं, आदल्या दिवशी तिनं ताणला होता तसाच तो कोरा होता.

"त्यांनी ती मुद्दाम फिरवून धरली होती," ती म्हणाली.  "हात निसटणार हे त्यांना माहीत होतं. निसटला तर पाठीवर निसटावा, पडद्यावर नको, म्हणून पाठ आपल्याकडं करून स्क्रू आवळले. मग तशीच राहिली. फिरवायची राहून गेली."

काका भिंग लावून बघत राहिले. त्यांच्या नाकावरून एक थेंब ओघळला, तो त्यांनी तोंड भिंतीकडं वळवून हवेत उडवला, मागं न बघता विचारलं, "पडला का कुठं?"

"नाही."

चेचलेले स्क्रू सुटायला वेळ लागला. तिनं नवे घातले, कॅप्सूल फिरवली, पडदा पुढं आणला. ओरखडे मागं गेले. आवाजाला त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. बाहेर येऊन तिनं तो स्टँडवर चढवला, ठिपका आपल्याकडं करून दहापर्यंत आकडे म्हटले, आणि हेडफोन काकांना दिले. काकांनी ऐकलं, मान हलवली, आणि वही ओढून घेतली.

"एकेचाळिसावी कोण?"

"बस डेपोत गाड्यांच्या वेळा सांगते ती मुलगी. घरी गाणं रेकॉर्ड करायचंय तिला. आठ महिने थांबलीय."

"तिला कळवायचं का, की हा…"

"काय कळवायचं? माइक चांगला आहे."

काकांनी साधी पुठ्ठ्याची पेटी घेतली, रद्दीचे बोळे कोंबले, आणि त्यावर मुलीचा पत्ता लिहिला. त्यांचं अक्षर अशा वेळी फार नेटकं यायचं. किमतीच्या जागी त्यांनी नेहमीची किंमत टाकली. चहा तसाच निवत राहिला.

"मास्तरीणबाईंचा कितवा?" त्यांनी विचारलं.

"पहिला."

"तोही दे. पोस्ट बंद व्हायला अजून तास आहे."

दोन्ही पेट्या काखोटीला मारून ते जिना उतरले. तिसऱ्या पायरीपाशी ते थांबल्याचं तिला वरून ऐकू आलं, मग पुढं गेले.